फुटपाथवरचे तीन खांब

मोपेडचा आवाजच आला नाही. पेट्रोलवरची गाडी असती तर तनयाला ती लांबूनच कळली असती आणि ती भिंतीला चिकटून उभी राहिली असती. ही बॅटरीवरची होती. कानावर आली ती फक्त वाऱ्याची एक सळसळ, आणि तोवर गाडी तिच्या अंगावर होती.

तनया शिळीमकर एकोणतीस वर्षांची. चौथ्या वर्षी गोवर अंगात मुरला आणि डोळे गेले. एका बँकेच्या कार्यालयात ती टेलिफोन ऑपरेटर होती. विश्रांतवाडीला आळंदी रस्त्यालगतच्या एका गल्लीत ती आणि तिचे वडील दिगंबर असे दोघंच राहत. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. दिगंबरचं गल्लीच्या तोंडाशी फॅब्रिकेशनचं दुकान होतं. गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे असलं काम तो करायचा. सकाळी साडेआठला तनया त्याच्या दुकानावरून पुढे फुटपाथला लागायची आणि पांढरी काठी टेकत बसथांब्यापर्यंत जायची.

त्या सकाळी काठी मोपेडच्या पुढच्या चाकात गेली आणि कडकन मोडली. मोपेडचं हँडल तनयाच्या जबड्यावर बसलं. ती आडवी पडली ती फुटपाथच्या दगडी कडेवर. डोक्यात भणाणलं, तोंडात गरम रक्त भरलं आणि त्या रक्तात काहीतरी खड्यांसारखं फिरायला लागलं. ते तिचे दात होते.

चालवणाराही पडला होता. तो उठला. त्याचे बूट तिच्या कानाशी वाजले.

"ए, दिसत नाही का तुला?"

घसा बसल्यासारखा आवाज. 'स' म्हणताना जीभ दाताला लागून बारीक शिट्टी वाजायची. मग तो क्षणभर गप्प झाला. बहुतेक काठीचे तुकडे त्याला दिसले असावेत. तनयाला वाटलं, आता हा हात देईल.

"च्यायला, आंधळी आहे ही," तो स्वतःशीच म्हणाला. त्यानं मोपेड ओढून उभी केली. मागचं चाक तनयाच्या मनगटावरून गेलं. मग पुन्हा तीच सळसळ, आणि तो गेला.

शेजारी शिवणकामाचं दुकान चालवणारी जरीना धावत आली तेव्हा तनया गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी फरशा चाचपत होती. दात शोधत होती. जरीनानं तिला छातीशी धरलं. तिचा कुर्ता रक्तानं भिजला. "राहू दे गं बेटा, राहू दे," एवढंच ती म्हणत राहिली.

जबडा दोन ठिकाणी मोडला होता, चार दात गेले होते. डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारांनी एकमेकांना बांधून टाकले. सहा आठवडे तोंड उघडायचं नाही. नळीनं पातळ वरण, ताक, फळांचा रस. बोलायचं तर बांधल्या दातांतून जेमतेम शब्द बाहेर पडायचा. तनया फोनवर टाइप करायची आणि फोन ते वाचून दाखवायचा. पोलिसांना तिनं तसाच जबाब दिला. ऐकणाऱ्या फौजदार मॅडम तिशीच्या होत्या. त्यांनी सगळं शांतपणे लिहून घेतलं.

"गाडीला नंबर होता का, हे कोणी पाहिलं?" त्यांनी विचारलं.

"नव्हता," जरीना म्हणाली. "त्या गाड्यांना नंबर नसतोच."

औषधाच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात गाडी दिसली. काळी मोपेड, काळं हेल्मेट, पाठीवर पार्सलची चौकोनी पिशवी. तशा चाळीसएक मोपेड मागच्या गल्लीतल्या पार्सलच्या गोडाऊनला होत्या. ताशी पंचवीसच्या वर न पळणाऱ्या गाडीला नंबर लागत नाही, लायसन लागत नाही, म्हणून त्या घेतलेल्या. आणि मग वेग रोखणारं आतलं लॉक काढून त्या पन्नासनं पळवायच्या. रस्त्यानं नियमानं यायचं तर पुढच्या चौकातून वळून यावं लागे. फुटपाथनं उलटं आलं की दोन मिनिटं वाचत.

गोडाऊनचा मॅनेजर पोलिसांना म्हणाला, "आमची पोरं फुटपाथवर जातच नाहीत, मॅडम."

दिगंबर हे सगळं ऐकत होता. बासष्ट वर्षांचा, कमी बोलणारा माणूस. मुलीला नळीनं ताक पाजताना तो दोन्ही हातांनी पेला धरायचा. चौथ्या दिवशी सकाळी तो फुटपाथच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. हात पसरून. पहिला मोपेडवाला आला तो शिव्या देत रस्त्यावर उतरला. दुसराही उतरला. तिसऱ्यानं वेग कमी केला, जवळ आला आणि बुटाचा तळवा दिगंबरच्या पोटावर ठेवून त्याला ढकललं. दिगंबर मागच्या उघड्या गटारात पडला. ढोपराची कातडी सोलली, बरगडीला मुका मार बसला.

"ट्रॅफिक पोलिस झालायस काय, म्हाताऱ्या?" तो हसत म्हणाला.

दिगंबर घरी आला, अंघोळ केली. तनयानं विचारलं तर म्हणाला, "पाय घसरला."

त्या रात्री तो जेवला नाही. रविवारी पहाटे त्यानं दुकानातून तीन लोखंडी पाइप काढले. चार इंची, जाड पत्र्याचे, आत काँक्रीट भरलेले, वर झाकण वेल्ड केलेलं. फुटपाथच्या फरशा उकरून दोन-दोन फूट खोल खड्डे घेतले आणि ते तीन खांब त्यानं कंबरेएवढ्या उंचीवर रोवले. मधलं अंतर असं की माणूस जाईल, मोपेडचं हँडल जाणार नाही. दुकानं उघडेपर्यंत सिमेंट धरायला लागलं होतं.

"दिगूभाऊ, रंग देणार ना?" दुकान उघडताना जरीनानं विचारलं. "त्या कोपऱ्यावरचा दिवा लागत नाही. अंधारात दिसणार नाहीत."

"देतो," दिगंबर म्हणाला.

दुकानात पिवळ्या रंगाचा डबा होता. चमकणारी पट्टीही होती, गेल्या महिन्यात एका सोसायटीच्या गेटला लावून उरलेली. रविवार गेला, सोमवार गेला, मंगळवार गेला. दिगंबरनं डबा उघडला नाही.

तनयाला हे माहीत होतं. मंगळवारी तो तिला फिरवायला घेऊन गेला तेव्हा तिनं तिन्ही खांब हातांनी पाहिले होते. खरखरीत उघडं लोखंड. गंजाचे पापुद्रे तिच्या तळव्याला चिकटले. रंग लावलेला नाही, पट्टी लावलेली नाही. जरीनानं दिव्याचं सांगितलेलंही तिनं ऐकलं होतं. तिनं मधल्या खांबावर हात ठेवला आणि तो हलतो का पाहिलं. हलला नाही. तिला बरं वाटलं. ती काही बोलली नाही.

बुधवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला, अंधार पडल्यावर, बापलेक फिरून परत येत होते. तनयाचा हात वडिलांच्या कोपरावर होता, दुसऱ्या हातात नवी काठी. खांब दहा-बारा पावलांवर राहिले असतील.

दिगंबर एकदम थांबला. त्यानं तिला भिंतीकडे ओढलं.

आधी सळसळ. मग लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज, इतका मोठा की तनयाच्या छातीत तो बसला. त्याच्या मागोमाग एक मऊ, जड आवाज, पोतं वरून टाकल्यासारखा. प्लॅस्टिकचे तुकडे फरशांवरून घरंगळत तिच्या पायांपाशी आले. क्षणभर काहीच नाही. मग किंकाळी.

ती मुलीची किंकाळी होती.

तनयानं वडिलांचा हात सोडला. "तनू, थांब," दिगंबर म्हणाला, पण तो स्वतः जागचा हलला नाही. ती काठी टेकत खांबांमधून पलीकडे गेली, आवाजापाशी गुडघ्यांवर बसली आणि हात पुढे केला. हाताला हेल्मेट लागलं, मग खांदा, मग पोट. मांडीवर हात गेला तेव्हा पँटच्या फाटलेल्या कापडातून काहीतरी ओलं, टोकदार वर आलेलं होतं. तिच्या बोटाला ते लागताच मुलगी गुरासारखी ओरडली. ते हाड होतं. त्याच्या बाजूनं रक्त उसळत येत होतं, उबदार, थांबून थांबून, एकेका ठोक्याला.

तनयानं दोन्ही तळवे जखमेच्या वरच्या बाजूला ठेवले आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. मुलगी तिच्या दंडाला ओरबाडत होती.

"नको, नको, सोडा, मरते मी..."

तनयाला तिला धीर द्यायचा होता, पण दात बांधलेले. नाकातून फक्त एक हुंकार निघाला.

जरीना ओढणी घेऊन आली. तिनं ती मांडीभोवती आवळली, गाठ मारली, गाठीत कात्री घालून पिळा दिला. "हेल्मेट काढू नका कोणी," ती जमलेल्या लोकांवर ओरडली. "ॲम्ब्युलन्सला फोन करा. बघत काय उभे राहिलात, जत्रा आहे का?" मग खाली वाकून तिनं मुलीला विचारलं, "नाव काय बेटा तुझं?"

"पायल," मुलगी म्हणाली. "माझ्या आईला फोन लावा. आई एकटीच आहे."

तेवढ्यात मोपेडवरून सहा-सात जण आले. गोडाऊनचेच. पायलला पाहून एकजण ओकायला लागला. दुसऱ्यानं खांबावर लाथ मारली.

"कोणी लावले हे?"

गर्दी गप्प होती. दिगंबर गप्प राहिला असता तर कदाचित त्यांना कळलंही नसतं. तो खांबांपाशी आला आणि म्हणाला, "मी."

"का?"

"तुमच्यासाठी."

पहिली थप्पड बसली. तनयाला तो आवाज ओळखीचा नव्हता, वडिलांना कोणी मारल्याचं तिनं आयुष्यात ऐकलं नव्हतं. मग बुक्का, मग लाथा. दिगंबर खाली पडला. त्याचा श्वास भात्यासारखा वाजला. कोणीतरी हेल्मेट काढून ते हातात फिरवलं आणि त्याच्या डोक्यात घातलं. नारळ फोडल्यासारखा आवाज झाला. पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा.

तनयाच्या तळव्यांखाली पायलची मांडी होती. पिळा आवळूनही रक्त अजून पाझरत होतं. हात काढला तर ही मुलगी जाईल. नाही काढला तर पाच फुटांवर आपले अण्णा जातील. ती बांधल्या दातांमागे किंचाळत होती आणि बाहेर नुसती घरघर येत होती. डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत होतं. तिनं हात काढला नाही.

"अरे सोडा, मरेल तो!" कोणी दुकानदार ओरडला.

"मरू दे साल्याला!" हेल्मेटवाला म्हणाला. "सगळ्यांना शिकवायला निघालाय. सांग, सांग आता!"

घसा बसलेला आवाज. आणि प्रत्येक 'स'ला ती शिट्टी.

तनयानं जरीनाचा हात धरून जखमेवर दाबला, वर आपलं कोपर दाबून दाखवलं की असा भार दे. मग ती उठली. काठी कुठं पडली होती ती तिनं शोधली नाही. आवाजाच्या दिशेनं हात पुढे करून तीन पावलं गेली, एका पाठीवर आपटली, तिला बाजूला सारलं, पुढच्या छातीवर हात आदळला. तिनं त्याच्या शर्टाची छाती दोन्ही मुठींत पकडली.

"ए, सोड!" तो म्हणाला. मग तिचा चेहरा त्याला दिसला असावा, तारा, सुजलेला जबडा, रक्तानं माखलेले हात. तो एकदम मागे सरला. "ही... ही इथं..."

बस्स. तिला तेवढं पुरेसं होतं.

त्यानं तिच्या मनगटांवर बुक्के मारले. तिनं सोडलं नाही. त्यानं तिला गोल फिरवलं, भिंतीवर आपटलं. पाठीचे मणके दगडावर वाजले. तिनं सोडलं नाही. मग त्यानं हेल्मेट उचललं आणि त्याची कड तिच्या बोटांवर मारायला लागला, खिळा ठोकावा तशी. उजव्या हाताची दोन बोटं मोडली, ते तिला आधी ऐकू आलं आणि मग कळलं. तिनं त्या हाताचं कोपर त्याच्या कॉलरमध्ये अडकवलं आणि डोकं त्याच्या छातीत खुपसलं. त्यानं तिच्या जबड्यावर मारलं. आतली एक तार तुटून गालात घुसली. दोघंही पडले. ती खाली, तो वर. ती त्याच्या गळ्याला अशी लटकली होती की तो उठू शकत नव्हता.

"सोडव रे हिला, कोणीतरी सोडवा!" तो रडकुंडीला येऊन ओरडत होता.

पण आता गर्दी हलली होती. रिक्षावाले उतरले, मिठाईच्या दुकानातली माणसं आली. त्यांनी बाकीच्या पोरांना धरलं, आणि ज्यांच्या हाताला जे लागलं त्यानं त्यांना बडवलं. एकाच्या तोंडावर दुकानाचं शटर ओढायचा लोखंडी हूक बसला आणि त्याचा डोळा फुटता फुटता वाचला. पोलिसांची गाडी आली तेव्हा फुटपाथवर रक्तात कोणाचं काय मिसळलंय हे कळत नव्हतं. फौजदार मॅडमनी स्वतः येऊन तनयाची बोटं एकेक करून सोडवली.

"झालं, तनया. धरलाय त्याला. सोडा आता," त्या म्हणाल्या. "मी आहे."

त्याचं नाव पृथ्वीराज होतं. वय चोवीस.

दिगंबरच्या कवटीला भेग गेली होती, तीन बरगड्या मोडल्या होत्या. पाच दिवस तो शुद्धीत येऊन-जाऊन होता. पायलच्या मांडीत सळई घातली आणि पोटात रक्तस्राव होत होता म्हणून तिची प्लीहा काढावी लागली. तनयासकट तिघंही एकाच सरकारी रुग्णालयात, वेगवेगळ्या वॉर्डांत होते.

फौजदार मॅडम तनयाचा जबाब घ्यायला आल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी दिगंबर बऱ्यापैकी बोलू लागला होता. परिचारिका तनयाला त्याच्या खाटेपाशी घेऊन आली.

"वकील येऊन गेला," तो म्हणाला. "म्हणतो, खांबांना रंग किंवा पट्टी होती की नव्हती यावर सगळं आहे. असेल तर फार तर बेकायदा बांधकाम. नसेल तर सापळा. खांब तर आता उपटून पोलिसांनी नेलेत, पंचनाम्यात काय लिहिलंय ते लिहिलंय. पण जरीना सांगायला तयार आहे की चमकणारी पट्टी लावलेली होती, धडकेत निघून गेली."

तनयानं डाव्या हातानं टाइप केलं. फोन बोलला, "अण्णा, पट्टीही नव्हती."

"तुला काय माहीत? तुला दिसत नाही."

तो असं तिला आयुष्यात कधी म्हणाला नव्हता. वॉर्डात कोणाचा तरी खोकला चालू होता.

"हात लावला होता," फोन बोलला. "मंगळवारी."

"मग मला बोलली का नाहीस?"

तनयानं एक ओळ लिहून पुसली. मग लिहिलं, "मलाही वाटत होतं, त्या खांबांवर कोणीतरी आपटावं."

दिगंबरनं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याचे खांदे हलायला लागले आणि मोडलेल्या बरगड्यांमुळे रडताना तो कण्हत होता.

दुसऱ्या दिवशी तनयानं फौजदार मॅडमना सगळं सांगितलं. आवाज, शिट्टी, 'दिसत नाही का'. आणि खांब उघडे होते हेही.

"हे दुसरं मी तुम्हाला विचारलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "वडिलांवर गंभीर दुखापतीचं कलम लागेल."

"माझ्या आवाजाच्या ओळखीवर तुम्ही विश्वास ठेवणार," फोन बोलला. "मग माझ्या हातावरही ठेवा."

पुढच्या आठवड्यात चौकीत पडद्यामागून सहा जणांना एकच वाक्य म्हणायला लावायचं ठरलं होतं. तनयानं चौथ्याला, पृथ्वीराजला, ओळखलं. पाचव्याची पाळी येऊच दिली नाही.

जबड्याच्या तारा निघाल्या त्या दिवशी ती पायलच्या वॉर्डात गेली. जरीना तिला दारापर्यंत सोडून बाहेर थांबली. खाटेशेजारी पायलची आई यमुनाबाई होत्या. धुणीभांडी करणारी बाई, खडबडीत हात. तनयाला त्यांनी खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. त्यांना एवढंच सांगितलं गेलं होतं की या आंधळ्या मुलीनं तुमच्या लेकीचं रक्त थांबवलं.

"देवासारखी आलीस गं," त्या म्हणाल्या.

"मावशी, मला काहीतरी सांगायचंय," तनया म्हणाली. सहा आठवड्यांनी ती तोंड उघडून बोलत होती, शब्द बोबडे येत होते. "ते खांब माझ्या वडिलांनी लावले. त्यांना रंग मुद्दाम दिला नव्हता. मला ते माहीत होतं. आदल्या दिवशीच कळलं होतं. मी गप्प बसले."

यमुनाबाई उठून उभ्या राहिल्या. मग यमुनाबाईंनी तिच्या थोबाडीत मारली. नुकत्या जुळलेल्या हाडावर. तनया खुर्चीवरून खाली पडली, स्टीलचा पेला घरंगळत गेला. यमुनाबाईंनी तिचे केस धरले आणि दुसरा हात उगारला.

"माझी पोर! बावीस वर्षांची पोर माझी!"

"आई, नको!" पायल ओरडली. "आई, बास!"

परिचारिका आणि जरीना धावल्या. यमुनाबाईंना दोघींनी धरून बाहेर नेलं. तनया जमिनीवर बसून होती. ती उठली नाही, गालाला हातही लावला नाही.

"तुम्ही मला दिसला होतात," खाटेवरून पायल म्हणाली. "तुम्ही दोघं. मला वाटलं, जवळ जाऊन ब्रेक मारू."

"मला तुमचा आवाज आला नव्हता."

"नाहीच येत. मलाच येत नाही." पायलचा श्वास जोरात चालला होता. "खांब नसते तर मी तुम्हाला धडकले असते का?"

"माहीत नाही," तनया म्हणाली. "पृथ्वीराज धडकला."

"त्याला आम्ही सगळे ओळखत होतो. तुमचं ते झालं त्या दिवशी तो गोडाऊनला हसत सांगत होता. मीपण ऐकलं. मीपण गप्प बसले." ती थांबली. "गाडीचं लॉक मॅनेजर स्वतः काढतो. मागच्या खोलीत, नवी गाडी आली की लगेच. फुटपाथनं जायचं हेही तोच सांगतो. उशीर झाला की दुसऱ्या दिवशी गाडी देत नाही. आता मला म्हणतो, तू आमच्याकडे कामाला नव्हतीसच."

"हे पोलिसांना सांगशील?"

"जा तुम्ही आता," पायल म्हणाली. "मला तुमच्याकडे बघवत नाही."

तनया भिंत धरून उठली आणि गेली. दोन दिवसांनी फौजदार मॅडमचा फोन आला. पायलनं स्वतः त्यांना बोलावून घेतलं होतं. त्या सकाळी गोडाऊनवर छापा पडला. मागच्या खोलीत लॉक काढायची हत्यारं सापडली, अडतीस मोपेड ट्रकवर चढल्या आणि मॅनेजरला हातकडी न घालता पण कॉलर धरून नेलं. गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकानं चप्पल मारली, ती पोलिसालाच लागली. तनयाला हे सगळं जरीनानं फोनवरून सांगितलं, हसत आणि मग रडत.

दिगंबरला रुग्णालयातून सोडल्याबरोबर अटक झाली आणि चार दिवसांनी जामीन मिळाला. तनया कामावर रुजू झाली. उजव्या हाताची दोन बोटं वाकडीच जुळली, त्यांनी तिला बटणं दाबता येत नव्हती, म्हणून ती डाव्या हातानं शिकली. सकाळी फुटपाथवरून चालताना मागून वारा आला की ती आजही जागीच गोठते, आणि पुढे निघायला तिला वेळ लागतो. मोपेड कमी झाल्यात. संपलेल्या नाहीत.

पावसाळ्यानंतर कोर्टात साक्षीची पहिली तारीख पडली. बाहेरच्या बोळात एकच लाकडी बाक होता. दिगंबर आणि तनया त्यावर बसले होते. दिगंबरच्या डोक्यावर टाक्यांची लांब रेघ होती आणि डाव्या कानानं त्याला आता कमी ऐकू यायचं. पृथ्वीराजला अजून आणायचं होतं.

कुबड्यांचा आवाज आला, एक पाय जमिनीवरून ओढल्याचा. मागे यमुनाबाईंच्या चपला. दिगंबर धडपडत उठला. त्यानं हात जोडले.

पायल त्याच्यासमोर थांबली. तिला उभं राहताना त्रास होत होता, श्वासावरून तनयाला ते कळत होतं.

"काका, मी तुमच्याविरुद्ध साक्ष द्यायला आलेय," ती म्हणाली.

"दे," दिगंबर म्हणाला. "खरं आहे ते दे."

"आणि त्याच्याविरुद्धही. आणि मॅनेजरच्याही." ती कुबड्या सावरत होती. "हात खाली करा. मला बसायला जागा द्या, पाय दुखतोय."

दिगंबर बाकाच्या एका टोकाला सरकून बसला. तनयानं दुसऱ्या टोकाकडे सरकून जागा केली. पायल मधे बसली, पाय सरळ लांब केला. यमुनाबाई पलीकडच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, त्या बाकावर आल्या नाहीत. मग शिपायानं दारातून पहिलं नाव पुकारलं.